रात्री बसायचं म्हणून पित्ताची गोळी: जठरातले जंतू दारूचं काय करतात?

मांडवीकाठ
गोव्यात हुर्राकचे, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचे, दिवस सुरू झाले की म्हापशापासून काणकोणपर्यंत फार्मसीच्या काउंटरवर एक मागणी ठरलेली असते: "पँटोप्राझोल ४० द्या, रात्री बसायचंय." गोळी घेतली की पोटाला कवच मिळतं, मग कितीही घेतली तरी चालते, असा समज पक्का बसला आहे. गोळीनं दारू लवकर चढते असं म्हणणारेही आहेत. आणि जठरातले जंतू स्वतः दारू फोडतात, ही तिसरी गोष्ट तर फारशी कुणी बोलतच नाही.

धागा या तिसऱ्या गोष्टीसाठी काढला आहे. आधी रसायन थोडक्यात. एथेनॉलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग अ‍ॅसिटेट. पहिली पायरी अल्कोहोल डिहायड्रोजनेज या एन्झाइमची, दुसरी अल्डिहाइड डिहायड्रोजनेजची. यकृत दोन्ही पायऱ्या लागोपाठ उरकतं. जंतूंना पहिली चांगली जमते, दुसरी फारशी नाही, त्यामुळे ते जिथे असतील तिथे अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००९ मध्ये मद्यपानाशी निगडित अ‍ॅसिटाल्डिहाइड पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकलं. एच. पायलोरी हा जंतू १९९४ पासून त्याच गटात आहे.

जाणकारांनी लिहावं. एक विनंती: जठराच्या अस्तराचं एन्झाइम, एच. पायलोरी आणि तोंडातून गिळले जाणारे जंतू ही तीन प्रकरणं वेगवेगळी ठेवा. ती एकत्र केली की सगळा गोंधळ होतो.

औषधवाला_म्हापसा
गोळीपासून सुरुवात करतो.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी पीपीआय, म्हणजे आम्ल बाहेर टाकणारे पंप बंद करणारी औषधं. ती फक्त चालू असलेल्या पंपांना चिकटतात आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून गोळी सकाळी न्याहारीच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायची. रक्तात ती दोनेक तासांतच निम्मी होते, पण बंद केलेला पंप बंदच राहतो, नवा तयार होईपर्यंत. पहिल्या गोळीत सगळे पंप सापडत नाहीत. पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात आणि गोळी थांबवल्यावर आम्ल पूर्ववत व्हायलाही जवळपास तेवढेच.

आता संध्याकाळी सातला घेतलेल्या एका गोळीचा विचार करा. आम्ल अर्धवट कमी होईल, एवढंच. दारूनं अस्तराला होणारी इजा थेट दारूच्या तीव्रतेची असते, तिला आम्ल लागतंच असं नाही. आणखी एक गोष्ट ग्राहकांना पटवून द्यावी लागते. बिअर आणि वाइनसारख्या नुसत्या आंबवलेल्या पेयांनी जठरात आम्ल जोरात सुटतं, पण ऊर्ध्वपातन केलेल्या दारूनं तसं होत नाही. फेणीनंतरची जळजळ बऱ्याचदा अस्तर भाजल्याची असते, किंवा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडून जठरातलं वर आल्याची. त्यात लिंबूसोड्याचा वायू, मीठ आणि हिरवी मिरची. ही जळजळ पँटोप्राझोलनं रोखायला जाणं म्हणजे भलत्याच दाराला कुलूप लावणं.

पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल तर आणखी नको. डोम्पेरिडोननं जठर लवकर रिकामं होतं, दारू लहान आतड्यात लवकर पोचते आणि तिथे ती झपाट्यानं शोषली जाते. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्यांना डोम्पेरिडोन चिठ्ठीशिवाय देऊच नये.

सूक्ष्मदर्शक
जंतूंचा भाग माझ्याकडे. जरा लांबेल.

निरोगी जठरात उपाशीपोटी पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १ ते २ असतो. लाळेबरोबर आपण दिवसभर कोट्यवधी जंतू गिळतो आणि त्यातले बहुतेक या आम्लात काही मिनिटांत मरतात. पीएच ४ च्या वर गेला की हे थांबतं. पीपीआय नियमित घेणाऱ्याच्या जठरात पीएच दिवसाचा बराच वेळ ४ च्या वर असतो, कारण औषधाचं कामच ते आहे. मग तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस, नायसेरिया, कधी कँडिडासारखं यीस्ट जठरात नुसतं पोचत नाही, मुक्कामच करतं. यातल्या कित्येकांकडे अल्कोहोल डिहायड्रोजनेज भरपूर असतं.

हेलसिंकीत मिक्को सालास्पुरो यांच्या गटानं नव्वदच्या दशकापासून याच प्रश्नावर काम केलं. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर पीपीआय दिलं आणि दारूनंतर जठरातला रस काढून तपासला. औषधाआधीच्या तुलनेत जंतूही वाढले होते आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडही. हा अभ्यास २००० साली आला. ज्यांच्या जठराचं अस्तर झिजून आम्ल बनणंच बंद झालंय अशा रुग्णांतही त्यांना हेच दिसलं. म्हणजे औषध हे निमित्त आहे, खरं कारण आम्ल नसणं.

बरेच जण विचारतात की ४२ टक्क्यांच्या फेणीत जंतू जगतील कसे. पेल्यातल्या फेणीत नाही जगणार. पण जठरात ती अन्न, पाणी, लाळ आणि पाचकरसात पातळ होते. ६० मिली फेणीत सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. जठरात अर्धा लिटर द्रव असेल तर ते चारेक टक्क्यांवर येतं आणि जठर रिकामं होत जातं तसं आणखी उतरतं. जंतूंच्या एन्झाइमला असं पातळ द्रावण चांगलं मानवतं.

इथेच एक मुद्दा सुटतो. रक्तातलं अल्कोहोल लाळेत आणि जठरातल्या रसात परत झिरपतं. पिऊन झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं लाळेतलं अल्कोहोल रक्ताइतकंच होतं. पेला धुऊन ठेवला तरी जोवर रक्तात अल्कोहोल आहे तोवर जंतूंना कच्चा माल मिळत राहतो. रात्री चार तास बसलं आणि नंतर पाच-सहा तास अल्कोहोल उतरायला लागले, तर अस्तर तेवढा सगळा वेळ अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या संपर्कात राहतं.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून हिशेब करतो. जठरात २०० मिली रस आहे आणि त्यात लिटरमागे १०० मायक्रोमोल अ‍ॅसिटाल्डिहाइड आहे असं धरा. ते झालं २० मायक्रोमोल, म्हणजे १ मिलिग्रॅमहूनही कमी. यकृत त्याच रात्री २० ग्रॅम अल्कोहोलचं जवळपास तितकंच अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतं आणि लगेच संपवतं. त्यामुळे जंतूंच्या या उद्योगानं दारू चढणं, डोकं दुखणं, दुसऱ्या दिवशीचा हँगओव्हर यात काही बदल होत नाही. प्रश्न जागेचा आहे. तेवढंसं अ‍ॅसिटाल्डिहाइड जठर आणि अन्ननलिकेच्या पेशींना तासन् तास भिजवत राहतं आणि डीएनएला चिकटतं.

वेळूस
सविस्तर लिहिल्याबद्दल देव बरें करूं, सूक्ष्मदर्शक बाब. पण पीपीआयनं एच. पायलोरीचं एन्झाइम बंद पडतं असंही वाचलंय. मग फायदा की तोटा?

सूक्ष्मदर्शक
दोन्ही खरं आहे, पण दोन वेगळ्या जंतूंबद्दल.

एच. पायलोरीकडे स्वतःचं अल्कोहोल डिहायड्रोजनेज आहे आणि परीक्षानळीत तो एथेनॉलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतो. त्याच हेलसिंकीच्या गटानं १९९२ च्या सुमारास दाखवलं की कोलॉइडल बिस्मथ सबसायट्रेट हे जठराचं औषध ते एन्झाइम दाबतं आणि ओमेप्राझोलही दाबतं. दोन्ही औषधं प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना चिकटतात. फरक असा की ओमेप्राझोल आम्लातच सक्रिय रूपात येतं, बिस्मथला त्याची तशी गरज नाही.

पण परीक्षानळी म्हणजे जठर नव्हे. पीपीआय एकीकडे एच. पायलोरीचं एन्झाइम थोडं रोखेल आणि दुसरीकडे आम्ल कमी करून तोंडातल्या जंतूंना दार उघडून देईल. नियमित घेणाऱ्यात दुसरी बाजू भारी पडते असं मला वाटतं, कारण ती प्रत्यक्ष माणसाच्या जठरात मोजलेली आहे.

शिवाय एच. पायलोरीची लागण असलेल्यांच्या जठराच्या खालच्या भागात अस्तराचं स्वतःचं अल्कोहोल डिहायड्रोजनेज कमी सापडतं. वर्षानुवर्षं लागण राहिली तर अस्तर झिजतं, आम्ल कमी होतं आणि मग बाकीच्या जंतूंना रान मोकळं. म्हणून या जंतूचा नायनाट करणं हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी उपाय आहे. त्याचा दारूशी संबंध दुय्यम. अल्सर आणि जठराचा कर्करोग ही कारणं त्याला पुरेशी आहेत.

दोनचाकी
साधा प्रश्न. पित्ताच्या गोळीनं पोलिसांच्या यंत्रात आकडा वाढतो का?

औषधवाला_म्हापसा
इथे पीपीआय आणि आम्ल कमी करणारी जुनी एच-टू गटातली औषधं वेगळी करा.

सिमेटिडीन आणि रॅनिटिडीन जठराच्या अस्तरातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज दाबतात. हे एन्झाइम आपलं, जंतूंचं नाही. रक्तात पोचण्याआधी अल्कोहोलचा थोडा वाटा ते जठरातच फोडतं. अल्कोहोलचे संशोधक चार्ल्स लीबर यांच्या गटाच्या कामातून १९९२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलं की रॅनिटिडीन आणि सिमेटिडीन घेणाऱ्यांत जेवणानंतरच्या थोड्या दारूनं रक्तातला आकडा जास्त चढला. फॅमोटिडीननं तसं झालं नाही. त्यातला डोस शरीराच्या किलोमागे ०.३ ग्रॅम होता, ६० किलोच्या माणसाला ५० मिलीच्या आसपास फेणी. नंतरच्या अभ्यासांत जास्त दारू किंवा रिकामं पोट असताना हा फरक जवळपास दिसेनासा झाला. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून रॅनिटिडीन २०२२ मध्ये वगळलं गेलं, पण ते वेगळ्याच, नायट्रोसामाइन या कर्करोगाशी जोडलेल्या अशुद्धीच्या कारणाने. अ‍ॅस्पिरिनही अस्तराचं हे एन्झाइम दाबतं. डोकं दुखू नये म्हणून आधीच अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, रक्तस्रावाचा धोका तर आहेच.

पीपीआयनं रक्तातला आकडा दखल घेण्याइतका बदलत नाही.

आणि गोळीच्या फरकावर गाडीचा निर्णय ठरवूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ७० किलोच्या पुरुषानं ६० मिली फेणी रिकाम्या पोटी घेतली तर हिशेब ४० च्या आसपास जातो, गोळी असो वा नसो. उतरण्याचा वेग तासाला १५ च्या जवळपास. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच फेणीला तिचा आकडा आणखी वर.

भट्टीकर
पिणाऱ्याला मापं माहीत असावीत म्हणून लिहितो, वर आकडे आलेच आहेत.

काजूफेणी ४२.८ टक्के. ३० मिलीत १० ग्रॅम अल्कोहोल, एक प्रमाण पेय. हुर्राक हे पहिलं ऊर्ध्वपातन, साधारण १५ टक्के. १५० मिलीच्या पेल्यात १७ ते १८ ग्रॅम. हुर्राक हलकी म्हणून लोक मोठा पेला भरतात आणि तिथेच हिशेब चुकतो, कारण तो एक पेला ५० मिली फेणीच्या बरोबरीचा असतो. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलीत २५ ग्रॅमच्या वर.

अ‍ॅसिटाल्डिहाइड फक्त पोटात बनत नाही, बाटलीतूनही येतं. ते २० अंशांवरच उकळतं, एथेनॉल ७८ वर. भट्टी तापली की पहिल्या धारेत तेच जास्त येतं. पहिल्या धारेची म्हणून तिचं कौतुक होतं, पण चांगला भट्टीवाला सुरुवातीचा तो भाग बाजूला काढतो. नाकाला झोंबणारा, कच्च्या सफरचंदासारखा तीव्र वास आला तर धार नीट कापलेली नाही असं समजावं. रस जास्त दिवस उघड्यावर आंबला तरी हेच होतं, हवेत अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि पुढे शिरका होतो. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाला जपायचं तर धार कापण्यात कंजुषी नको.

वेळूस
म्हणजे दारू घेणाऱ्यानं पीपीआय बंद करावं असा अर्थ काढायचा का?

औषधवाला_म्हापसा
नाही, आणि हे मी ठळकपणे सांगतो. अल्सरमधून रक्तस्राव झालेला माणूस, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी दोन्ही औषधं घेणारा हृदयरुग्ण, बॅरेट अन्ननलिका (आम्लानं अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) असलेला, वेदनाशामक रोज घेणारा वयस्क: यांनी गोळी स्वतःच्या मनानं थांबवली तर आठवडाभरात रक्ताची उलटी होऊ शकते. त्यांच्यासाठी कमी करायची ती दारू.

पीपीआय घातक आहे असंही म्हणू नका. १७,५९८ रुग्णांना पँटोप्राझोल किंवा बनावट (औषध नसलेली, तुलनेसाठीची) गोळी देऊन सुमारे तीन वर्षं पाहिलेल्या मोठ्या चाचणीत आतड्याच्या जंतुसंसर्गाखेरीज ठळक तोटा दिसला नाही. तो संसर्गही १.४ टक्के विरुद्ध १.० टक्का. मात्र आम्ल गेलं की जंतूंना वाट मिळते, हेच तिथेही दिसतं.

बंद करायची ती चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं चालणारी गोळी. तीही एकदम नाही. आठ आठवडे इसोमेप्राझोल घेतलेल्या निरोगी लोकांनी ती थांबवल्यावर ४४ टक्क्यांना जळजळ झाली, बनावट गोळीवाल्यांत १५ टक्क्यांना. आम्ल काही काळ उसळून येतं आणि माणूस समजतो की आजार परत आला. ४० वरून २० मिलिग्रॅम, मग एकाआड एक दिवस, मग बंद. दरम्यान गरज पडली तर साधं अँटासिड किंवा फॅमोटिडीन. दोन ते चार आठवडे धरा.

सूक्ष्मदर्शक
एच. पायलोरीच्या तपासणीत सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून तेवढं लिहितो. युरिया श्वासचाचणी किंवा विष्ठेतल्या अँटिजेनची चाचणी करायची तर पीपीआय १४ दिवस आधी बंद, अँटिबायोटिक आणि बिस्मथ चार आठवडे आधी. नाहीतर जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. मधल्या काळात जळजळ असह्य झाली तर अँटासिड चालतं. रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी बरा झाल्याचं सांगू शकत नाही, अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहतात. एंडोस्कोपी होणार असेल तर तुकडे जठराच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही भागांतून घ्यायला सांगा. पीपीआयवर असलेल्यांत जंतू वर सरकलेला असतो, एकाच जागचा तुकडा फसवतो.

औषधवाला_म्हापसा
उपचाराचं मी जोडतो. बिस्मथसह चार औषधांचा कोर्स १० ते १४ दिवसांचा, शक्यतो १४: पीपीआय दिवसातून दोनदा, बिस्मथ सबसायट्रेट १२० मिलिग्रॅम चारदा, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम चारदा, मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम तीनदा. डोस डॉक्टर वजन, मूत्रपिंड आणि आधी घेतलेली अँटिबायोटिक्स बघून बदलतात. टेट्रासायक्लिन दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतलं की शोषलंच जात नाही. बिस्मथनं जीभ आणि शौच काळं होतं, त्याची भीती नको. चिकट, डांबरासारखं आणि दुर्गंधी शौच मात्र रक्तस्रावाचं असतं, तेव्हा थेट दवाखान्यात.

या कोर्सभर आणि नंतर किमान तीन दिवस एक थेंबही नाही. मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोल दोन्हींच्या माहितीपत्रकात दारू टाळण्याची सूचना असते: चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड. काही नियंत्रित अभ्यासांत ही प्रतिक्रिया सापडली नाही हे खरं, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. या औषधांच्या तयार किटमध्ये टिनिडाझोल आहे का हे पाकिटावर वाचा, कारण लोक मेट्रोनिडाझोलचंच नाव ओळखतात. सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण, २४ जूनला असतो. १४ दिवसांचा कोर्स ८ जूनला सुरू केला तर तो २१ जूनला संपतो आणि तीन दिवस धरून २४ तारीखही कोरडीच जाते. ज्यांना त्या दिवशी घ्यायचीच आहे त्यांनी कोर्स आधीच सुरू करावा. मध्येच गोळ्या सोडल्या तर जंतू औषधाला निगरगट्ट होतो.

मांडवीकाठ
खूप कामाचं मिळालं. तोंडातले जंतूच मूळ असतील तर माउथवॉश वापरून काही साधतं का?

सूक्ष्मदर्शक
थोडं साधतं. क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या तीन दिवस केल्यावर दारूनंतर लाळेतलं अ‍ॅसिटाल्डिहाइड जवळपास निम्मं झाल्याचं नोंदलेलं आहे. पण ते महिनोन्महिने वापरलं की दात तपकिरी पडतात आणि चव जाते. मुळाशी जायचं तर दातांवरचं कीटण काढून घ्या, किडलेला दात भरून घ्या आणि सिगारेट सोडा. सिगारेट दोन बाजूंनी बाधते: तिच्या धुरात अ‍ॅसिटाल्डिहाइड असतंच, शिवाय ती लाळेतले जंतूही बदलते.

अल्कोहोल असलेला माउथवॉश मात्र नको, तोंडातल्या जंतूंना तोच कच्चा माल पुरतो. बाटलीवरचे घटक वाचून घ्या.

दोनचाकी
आणि पित्तावरचं नवं औषध व्होनोप्राझॅन? जेवणाआधी घ्यायची गरज नाही म्हणतात.

औषधवाला_म्हापसा
जेवणाची अट नाही हे खरं. ते पंपाच्या पोटॅशियमच्या जागी बसतं, म्हणून पंप चालू असण्याची वाट बघावी लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून जोरात चालतं, रात्रीही. म्हणजे आम्ल आणखी कमी आणि जास्त वेळ कमी. वर सूक्ष्मदर्शक यांनी जंतूंचं जे सांगितलं ते इथे जास्तच लागू समजा. एच. पायलोरीच्या कोर्समध्ये ते उत्तम आहे. "रात्री बसायचंय" म्हणून मागितलं तर मी देत नाही.